डोळे मिटून खो

"पिसाळ बाई, एवढा तास मला देऊन टाका. बहुपदी अजून अर्धी राहिलीय."

घनवट सर मैदानाच्या कडेला, फक्कीच्या रेषेला बूट लागणार नाही इतक्या अंतरावर उभे होते. बोटांना खडू, शर्टाच्या खिशाला खडू, एका कानाच्या पाळीलाही खडू. आमच्या शाळेत खेळाचा तास म्हणजे धर्मशाळा होती. ज्याचा पोर्शन मागे पडला त्यानं यावं आणि पथारी पसरावी. मी आजवर निमूटपणे उठून जागा दिली होती, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं.

"नाही देत," मी म्हटलं. "आज थिअरी आहे."

"थिअरी असेल तर वर्गात घ्या की. पोरं मैदानावर कशाला?"

"थिअरीच घेणार आहे. इथंच."

"मातीत कसली आलीय थिअरी, बाई?"

"बसा त्या लिंबाखाली आणि बघा."

मला वाटलं, रागानं निघून जातील. पण घनवट सर खरंच लिंबाच्या पारावर जाऊन बसले आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेतला. माणूस वाईट नव्हता. गणित आणि खडू यांच्या पलीकडे त्याला जग दिसत नव्हतं, एवढंच.

ही माणदेशातल्या एका हायस्कुलातली गोष्ट. मी तेव्हा नोकरीत अजून कच्ची होते. सलवार-कमीज आणि पांढरे बूट घालून शिट्टी फुंकणारी बाई त्या गावानं पहिल्यांदाच पाहिली होती. त्यात त्या वर्षी वरून हुकूम आला, शारीरिक शिक्षणाची लेखी परीक्षाही घ्या. मी आपली आज्ञाधारकपणे वर्गात गेले आणि सांगायला लागले, लिहून घ्या, प्रतिक्रिया काल म्हणजे, स्वल्पविराम. पहिल्या बाकावरचा पोरगा बसल्या बसल्या झोपला. मला त्याचा राग आला नाही, हेवा वाटला. त्या दिवसापासून मी पुस्तक कपाटात ठेवलं आणि जे शिकवायचं ते मैदानावर खेळातूनच शिकवायला लागले. गुरुत्वमध्य शिकवायचा तर कबड्डीच्या पवित्र्यात उभं करून एकमेकांना ढकलायला लावायचं. ढकलून पडलेलं पोर गुरुत्वमध्य जन्मात विसरत नाही.

मी खो-खोची पाटी आखत होते, तेवढ्यात पारावरून घनवट सरांचा आवाज आला.

"ती मदने आलीय ना आज? उद्या तिच्या आईला बोलावलंय हेडसरांनी. दाखल्याचं बोलायला."

माझ्या हातातली फक्की तिथंच सांडली. दाखल्याचं बोलणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागत असे, आणि तो लागावा म्हणून नववीतली कच्ची पोरं आधीच गाळली जात. पालकांना बोलवायचं, गोड बोलून शाळेचा दाखला हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा. बाहेरून बसलेली मुलगी परीक्षेपर्यंत पोचत नसे. मधेच तिचं लग्न होई.

आणि उज्ज्वला मदने ही माझी सगळ्यांत चांगली खेळाडू होती.

"फक्त गणितावरून, सर?"

"गणित, विज्ञान, इतिहास. मराठी, हिंदी बरं आहे, पण त्यानं काय होतंय? वर्गात नुसती बघत बसते. विचारलं तर हसते. अहो, भिंतीला शिकवलेलं बरं."

मी शिट्टी वाजवली.

आठ मुली पाटीतल्या चौकोनांत बसल्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, नेहमीसारखं. प्रत्येकीच्या पाठीमागे एक जोडीदार उभी केली. उरलेला वर्ग रेषेबाहेर, कोण आधी उठतंय ते टिपायला. उज्ज्वला मधल्या चौकोनात होती. काळी, शिडशिडीत, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या.

"डोळे मिटा," मी म्हटलं. "इशारा मिळाल्यापासून अंग हलेपर्यंत जो वेळ जातो, त्याला प्रतिक्रिया काल म्हणायचं. आज आपण तो आपल्याच अंगात शोधायचाय. आधी नुसता हात. मी हात खाली टाकला की मागचीनं पाठीला हात लावायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही."

मी हात टाकला. आठ हात आठ पाठींना लागले. उज्ज्वला कधी उठली ते कुणालाच दिसलं नाही, ती एकदम पुढच्या रेषेवरच दिसली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी चोरून पाराकडे पाहिलं. घनवट सरांनी पेपर खाली ठेवला होता.

"आता हात नाही," मी म्हटलं. "नुसता आवाज. मी खो म्हणेन. डोळे मिटा."

उज्ज्वलानं शेजारणीकडे बघून डोळे मिटले.

"खो!"

सात जणी उठल्या. उज्ज्वला बसून राहिली. मग बाकीच्यांच्या पायांनी जमीन हलली असेल, तिनं डोळे उघडले, दचकून उठली, आणि दात काढून हसायला लागली, जणू तिनं मुद्दामच गंमत केली होती. वर्गही हसला. "झोपली हुती, बाई!" कुणीतरी ओरडलं. उज्ज्वला त्या हसण्यातही सामील झाली. इतकी सराईतपणे सामील झाली की माझ्या काळजात काहीतरी लक्कन हललं.

"परत," मी म्हटलं. "या वेळी मी जिच्या मागे उभी राहून बोलेन, तिनंच उठायचं. बाकीच्यांनी हलायचं नाही."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी उज्ज्वलाच्या मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "उज्ज्वला, ऊठ."

ती हलली नाही.

"उज्ज्वला," मी जरा मोठ्यानं म्हटलं.

ती तशीच उकिडवी, दोन्ही हात जमिनीला टेकवून, मान ताठ, कुठल्याही क्षणी सुटायच्या तयारीत बसली होती. चेहऱ्यावर आळस नव्हता, उद्धटपणा नव्हता. ती इशाऱ्याची वाट पाहत होती. आणि इशारा तिच्या पाठीमागे उभा राहून दोनदा हाक मारून गेला होता.

मी वाकून तिच्या पाठीला हात लावला. उज्ज्वला वाऱ्यासारखी सुटली.

"बघा!" पारावरून घनवट सर म्हणाले. "इथंही तेच. सांगून कळत नाही, पाठीत धपाटा बसला की उठते."

वर्ग खो खो हसला. मी घाईघाईनं पोरांना गोल बसवलं आणि विचारलं, हाताला लवकर उठलात का आवाजाला. दादासो लोखंडे म्हणाला, हात लागला की अंग आपोआप उठतंय बाई, आवाजाला जरा इचार करावा लागतो. सायरा म्हणाली, उलट आहे, आवाज आधी येतो. दोघांची जुंपली. एरवी अशा भांडणावर मी खूश झाले असते. त्या दिवशी मला त्यातलं अर्धंही ऐकू आलं नाही. माझं लक्ष उज्ज्वलाकडे होतं. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे तिची नजर जात होती, आणि जो पाठमोरा बोलत होता त्याच्या वेळी ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसत होती.

शाळा सुटल्यावर मी तिला फक्कीचं घमेलं उचलायच्या निमित्तानं थांबवलं. क्रीडासाहित्याच्या खोलीत तिला समोर बसवलं आणि सावकाश विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिनं नेहमीचं हसू काढून पाहिलं. ते माझ्यापुढे चालेना, तसं तिनं ते मिटवून टाकलं.

"येतंय की बाई. थोडं थोडं येतंय."

"उज्ज्वला."

"ल्हान हुती तवा मेंढरांसंगं कोकनात गेल्तो. लई ताप आलता. कान फुटलं. तवापासनं ह्या कानाचं समदंच गेलं. ह्या कानानं जवळ आलं तर कळतं."

"घरी माहीत आहे?"

"आईला म्हाईत हाय. आई म्हनली, कुनाला म्हनून सांगू नगंस. भैरी म्हनत्याल. लगीन जमायचं न्हाई."

"मग वर्गात काय करतेस?"

"तोंडाकडं बगती." आता ती जरा सैल झाली होती. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. "मराठीच्या बाईंचं समदं कळतं. त्या लई साफ बोलत्यात. हिंदीच्या सरांचं बी कळतं. इतिहासाच्या सरांच्या मिशा लई हैत बाई, काईच कळत न्हाई."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

"आणि गणिताचं?"

"घनवट सर फळ्याशीच बोलत्यात."

मी कपाळाला हात लावला. खरंच होतं. घनवट सरांचा तास कधीही खिडकीतून बघावा, पांढऱ्या शर्टाची पाठ दिसायची. ते लिहीत जायचे आणि लिहिता लिहिता फळ्यालाच समजावून सांगायचे. विज्ञानही तेच शिकवत.

"तू सांग ना त्यांना," मी म्हटलं. "मी येते तुझ्याबरोबर. उद्या आई येणार आहे, तेव्हाच सांगू. नाहीतर तुझा दाखला देणार आहेत ते."

"नगं बाई!" ती ताडकन उभी राहिली. "भैरीला खो-खोत कोन घील? खो ऐकूच येत न्हाई म्हनल्यावर तुमीच काडून टाकशीला."

तेव्हा मला कळलं, पोरगी कशाला भीत होती. शाळा गेली तरी तिला चाललं असतं, पण मैदान जाणं तिला परवडणार नव्हतं.

"खाली बस," मी म्हटलं. "नियम काय आहे? खो देणारीनं पाठीला हात लावायचा आणि मोठ्यानं खो म्हणायचं. हेच ना? म्हणायचं कुणी? देणारीनं. घेणारीनं तो ऐकलाच पाहिजे असं नियमात कुठं आहे? मला दाखव."

ती विचारात पडली. तिनं सगळे नियम मनातल्या मनात उलटेपालटे करून पाहिले असावेत, कारण हळूहळू तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आलं.

"न्हाई की बाई."

"नाहीच आहे. तुला संघातून काढायचं तर मला आधी नियम बदलावा लागेल."

पण हसू तितक्याच लवकर गेलं. तिनं दोन बोटांनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. "तरी तुमी सांगायचं न्हाई. माज्या गळ्याची शप्पत हाय तुमाला. आई मारंल."

मी शपथा मानणारी बाई नाही. शरीरशास्त्र शिकलेली, आत्मा कुठल्या स्नायूत असतो असं विचारणारी. पण समोर एक पोर स्वतःचा गळा चिमटीत धरून उभी असते, तेव्हा सगळं शास्त्र ढिलं पडतं. मी नाही सांगणार, असं म्हणून बसले.

रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडसरांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. हेडसर खुर्चीत. घनवट सर बाजूला. उज्ज्वला भिंतीला टेकून, आणि तिची आई सोनाबाई दारातच, खुर्ची दिली तरी न बसता, पदर दातांत धरून उभी. मी बोलावणं नसताना जाऊन उभी राहिले होते. हेडसरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पण बाहेर जा म्हणाले नाहीत.

"हे बघा बाई," हेडसर सोनाबाईला म्हणाले, "मुलगी गुणी आहे. खेळात तर नाव काढते. पण दहावीचं वर्ष जड असतं. उगाच नापासाचा शिक्का नको. बाहेरून बसू दे. घरकामही होईल, अभ्यासही होईल."

हेडसर हे अवघडून बोलत होते, हे मी मुद्दाम सांगते. संस्थेचे अध्यक्ष दर जूनमध्ये निकाल विचारायला येत आणि शंभराच्या खाली एक टक्का जरी उतरला तरी त्यांच्यासमोर उभं राहायची पाळी यांच्यावर येई.

"तुमी म्हनाल तसं, सायेब," सोनाबाई म्हणाली. "आमाला काय कळतंय?"

हेडसरांनी लिहून तयार असलेला दाखला टेबलावर मांडला आणि टोपण काढलेलं पेन घनवट सरांपुढे धरलं. वर्गशिक्षक म्हणून त्यांचा शेरा लागायचा होता. सांगावं तर शपथ, न सांगावं तर पोरगी डोळ्यांदेखत जात होती.

"घनवट सर," मी म्हटलं, "शेरा देण्याआधी एक तोंडी गणित घाला तिला. एकच. तिच्यासमोर बसून."

"काय उपयोग, बाई?"

"काल मी तुम्हाला तास दिला नाही, त्याबद्दल चिडला असाल तर नका घालू."

हे बरोबर लागलं. "चिडायचा काय संबंध?" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली, उज्ज्वलाच्या समोर बसले आणि म्हणाले, "एका आयताची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे. परिमिती छत्तीस. तर रुंदी किती?"

उज्ज्वलाचे डोळे त्यांच्या ओठांवर होते. तिनं बोटानं हवेत एक आयत काढला. ओठ हलले.

"सहा."

घनवट सरांच्या भुवया वर गेल्या. हेडसरांनी पेन परत टेबलावर ठेवलं. सोनाबाईनं पदर तोंडातून काढला. मला वाटलं, जिंकलं.

"अरे!" घनवट सर उठले. त्यांना खराखुरा आनंद झाला होता, आणि गणितातला आनंद झाला की त्यांना एका जागी बसवत नसे. ते खिडकीशी गेले, काचेवरच्या धुळीत बोट फिरवायला लागले आणि तिकडेच तोंड करून बोलले, "बरं, आता हे सांग. दोन संख्यांची बेरीज वीस आहे. त्यांच्यातला फरक चार. तर त्या संख्या कोणत्या?"

उज्ज्वला त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

बाहेर पोरांचा गलका चालला होता, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की त्या खोलीत तो एकीला सोडून सगळ्यांना ऐकू येत होता.

"सांग की," घनवट सर खिडकीलाच म्हणाले. मग वळले. तिचा कोरा चेहरा पाहिला आणि त्यांचा आनंद मावळला. "बघा. पहिलं पुस्तकातलं, पाठ असणार. मी म्हणत नव्हतो?"

"जाऊ द्या, मास्तर," सोनाबाई घाईनं पुढे झाली. "न्हाई जमायचं तिला. द्या दाकला. चल गं उज्जे."

तिनं पोरीचं मनगट धरलं. उज्ज्वला दोन पावलं तिच्याबरोबर गेलीही. मग थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळ्यांनी काही खुणावलं नाही, काही म्हणजे काही केलं नाही. शपथ घातली होती तिनं. ती तोडायचा हक्क तिचाच होता, आणि मी नुसती तिथं उभी राहून देव पाण्यात घातले होते.

तिनं आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

"सर," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. तिला तो किती निघतोय ते कळत नव्हतं. "मला ऐकू न्हाई आलं. परत सांगा."

"ऐकू नाही आलं म्हणजे? एवढ्या मोठ्यानं तर..."

"मला ऐकूच येत न्हाई, सर. तुमी पाठमोरं बोलला. माज्याकडं तोंड करून सांगा."

सोनाबाईच्या तोंडून "अगं आई गं" असं निघालं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हेडसर खुर्चीतून अर्धवट उठले. मी घनवट सरांकडे पाहत होते. ते खिडकीशी उभे होते, बोटाला धूळ लागलेली. एकदा त्यांनी वळून काचेवर काढलेले आकडे पाहिले. मग उज्ज्वलाकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात वर्षाचे सगळे तास एकामागून एक फिरत असणार, कारण त्यांचा चेहरा बघवेना.

ते परत आले. खुर्ची उचलून तिच्या अगदी समोर ठेवली आणि बसले. घसा साफ केला. मग एकेक शब्द सुटा करून, ओठ भलतेच ताणून, एखाद्या तान्ह्या पोराला भरवावं तसं सांगितलं, "दोन संख्यांची बेरीज वीस. फरक चार. संख्या कोणत्या?"

उज्ज्वलानं थोडा विचार केला.

"सोळा आनि चार."

उत्तर साफ चुकलं होतं. हेडसरांनी सवयीनं पेनकडे हात नेला.

"चूक," घनवट सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज गणिताच्या तासाचाच होता. त्यांनी मागे न बघताच हात लांब केला, टेबलावरचा दाखला ओढला आणि घडी घालून स्वतःच्या खिशात कोंबला. "हेडसर, शेरा कसला देऊ? हिला मी अजून शिकवलेलंच नाही."